काटकुळ्या शरीरातली चरबी

रत्नागिरी जिल्ह्याला मुंबईकडून आधी मनिऑर्डर मिळाली आणि तिच्या मागोमाग वडापाव. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. त्या काळात परळ-लालबागच्या गिरण्यांत कोकणातला चाकरमानी मोठ्या संख्येनं राबत होता. पाळी गाठायची घाई, खोलीवर स्टोव्ह पेटवायला वेळ नाही, खिशात मोजके पैसे. अशा माणसाचं उभ्या उभ्या दोन मिनिटांत पोट भरणारा वडापाव हा शहाणपणाचा सौदा होता. पुढचे आठ तास साच्यासमोर उभं राहून तो वडा जिरवलाही जायचा.

चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येत राहिला, तशा त्याच्या सवयीही गावी आल्या. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, पण वडापाव थंडावला नाही. आज रत्नागिरीत मारुती मंदिरच्या परिसरात संध्याकाळी उभं राहिलं की वडे-भजींचा वास येतो. मांडवीच्या धक्क्याजवळ भेळ-शेवपुरी मिळते, भाट्याच्या किनाऱ्यावर पोरं मक्याच्या कणसाबरोबर वेफर्सची पाकिटंही हातात धरून असतात. अंधार पडला की चायनीजच्या गाड्यांवर कढया आपटायला लागतात. परदेशी साखळ्यांचे बर्गर-पिझ्झा हा इथला मुख्य प्रश्न नव्हेच. इथलं फास्ट फूड म्हणजे तळण, मैद्याचा पाव, चहाबरोबरची खारी, शेजवान भात, शीतपेयाची बाटली आणि वाडीवाडीतल्या किराणा दुकानात दोरीला लटकणारी पाच-दहा रुपयांची पाकिटं.

ते खाणारा माणूसही बदलला आहे. गावाकडून पहिल्या एसटीनं कॉलेजला येणारा मुलगा घरून निघतो तेव्हा चुलीवर भात चढलेला नसतो. एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार दुचाकीवर जातो आणि बरेचदा बसून काम करतो. गिरणी कामगाराचा वडापाव या दोघांच्या वाट्याला आला, पण ती आठ तासांची मेहनत काही त्याच्याबरोबर आली नाही.

वडापावच्या गाडीवरची कढई जवळून पाहण्यासारखी असते. पहिल्या घाण्याला तेल पातळ आणि सोनेरी असतं. वडा सोडला की भोवती जे बुडबुडे उठतात ते तेलाचे नसतात. पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. तेलाचं तापमान 180 अंश सेल्सिअसच्या आसपास. हीच वाफ तेलाच्या रेणूंना फोडते, वरून हवेतला प्राणवायू त्यांच्याशी जोडला जातो, आणि तळाशी गेलेला पिठाचा चुरा करपून ही मोडतोड आणखी वाढवतो. काही घाण्यांनंतर तेलाला येणारा फेस लवकर बसत नाही. तेल दाट होतं, झाऱ्यावरून धारेनं न पडता रेंगाळत पडतं आणि आधीपेक्षा कमी उष्णतेला धूर सोडायला लागतं. रात्री ते गाळून डब्यात ठेवलं जातं आणि दुसऱ्या दिवशी त्यातच नवं तेल ओतलं जातं. नव्या तेलाचा रंग जुन्याला झाकतो, पण जुन्यात तयार झालेले पदार्थ कुठे जात नाहीत. त्यातली अल्डिहाइड जातीची संयुगं पेशींना आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देणारी आहेत.

तेल किती बिघडलं ते मोजता येतं. अशा मोडतोडीतून त्यात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचं एकूण प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल स्वयंपाकाला वापरायचं नाही, असा नियम अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं 1 जुलै 2018 पासून लागू केला. त्याच वर्षी वापरलेलं तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल करण्याची योजनाही सुरू झाली. मात्र तेलाची नोंदवही ठेवण्याची सक्ती आहे ती दिवसाला 50 लिटरहून जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांवर. चौकातल्या गाडीला इतकं तेल लागतच नाही. नियम कागदावर चांगला असला, तरी सामान्य गिऱ्हाईक जिथे रोज खातं तिथली कढई तपासली जाणं बरंचसं नशिबावर सोडलेलं आहे. वडा रद्दीच्या कागदात बांधून देऊ नये, छपाईच्या शाईतली घातक द्रव्यं तेलकट पदार्थात उतरतात, ही सूचना प्राधिकरणानं 2016 मध्ये केली आणि 2023 मध्ये पुन्हा करावी लागली. ती दुसऱ्यांदा करावी लागली, यातच तिच्या अंमलबजावणीची गत कळते.

गाडीवाल्याला खलनायक ठरवण्यात मात्र काही अर्थ नाही. तेलाचे भाव वाढतात आणि वड्याचा भाव दोन रुपयांनी वाढवला तरी गिऱ्हाईक कुरकुरतं. रोज तेल बदलणं त्याच्या हिशेबात बसायचं असेल तर कोणीतरी वापरलेलं तेल दारात येऊन विकत घ्यायला हवं. मोठ्या शहरांतल्या मोठ्या उपाहारगृहांसाठी अशी सोय उभी राहते आहे. किनाऱ्यावरच्या गाडीपर्यंत ती पोचायला हवी.

कढईपेक्षा पाकिटाची गोष्ट अधिक अवघड आहे, कारण तिथे सगळं कायदेशीर असतं. 2015 मध्ये मॅगीवर देशभर बंदी आली, तेव्हा घराघरांत शिसं आणि अजिनोमोटो हे दोनच शब्द ऐकू येत होते. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी उठवून नव्यानं चाचण्या करायला सांगितलं, पुढे नूडल्स बाजारात परतले आणि लोक निश्चिंत झाले. पाकिटावर छापलेल्या मैदा, पामतेल आणि मीठ या तीन घटकांबद्दल तेव्हा कोणी फारसं बोललं नाही. झटपट नूडल्सची वडी कारखान्यातच तळून सुकवलेली असते, म्हणून ती दोन मिनिटांत शिजते. मीठ मुख्यतः मसाल्याच्या पुडीत. पाकिटावर ते सोडियमच्या मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं आणि घरातली बाई मीठ चमच्यानं मोजते. हिशेब सोपा आहे. सोडियमच्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाला दिवसाकाठी मीठ 5 ग्रॅमहून अधिक नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोकणी घरात सुकट, खारवलेला बांगडा, लोणचं आणि पापड यांतून मीठ आधीच भरपूर पोटात जातं. त्यावर पाकिटातल्या मिठाची भर पडते, आणि रक्तदाब कसलीही चाहूल न देता चढतो.

शीतपेयांचा हिशेब तर बोटांवर होतो. 100 मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर धरली तर 300 मिलिलिटरच्या बाटलीत 30 ग्रॅमहून जास्त साखर येते, म्हणजे सहा चहाचे चमचे. दिवसभरात वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असा जागतिक सल्ला आहे. एका बाटलीत तो ओलांडला जातो. इथे गावच्या अभिमानालाही थोडी मुरड घालावी लागेल. साखरेच्या पाकातलं कोकम सरबत या बाबतीत फार वेगळं नाही. सोलकढी मात्र निराळी, तिच्यात साखरेचं काम नाही.

हे सगळं पोटात गेल्यावर काय होतं, याचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर महाराष्ट्रातूनच आलेलं आहे, आणि ते प्रत्येक कोकणी घरात पोचायला हवं.

2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं एकत्र छायाचित्र छापून आलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंची आणि वजनावरून काढतात तो शरीरभार निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा होता, 22.3. त्या मापानं दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के निघाली. वजनकाट्याला या फरकाचा पत्ता नव्हता. भारतीय माणूस बारीक दिसतो, हातपाय काटकुळे असतात, पण पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी साठलेली असते आणि स्नायू मात्र कमी असतात. रक्तातली साखर उचलून वापरण्याचं मोठं काम स्नायू करतात. ते कमी, तर साखर रक्तातच फिरत राहते.

हे शरीर असं का घडलं? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची जन्मत होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी वजनाच्या मानानं बरीच राखलेली होती. इंग्लंडमधल्या डेव्हिड बार्कर यांनी जुन्या जन्मनोंदी तपासून 1980 च्या दशकात दाखवून दिलं होतं की कमी वजनानं जन्मलेल्यांना पुढे हृदयविकार अधिक होतो. आईच्या पोटात अन्न तुटपुंजं मिळालं की बाळाचं शरीर टंचाईसाठी तयार होतं. पुढे टंचाईच राहिली तर ते निभावून जातं. वाढत्या वयात मैदा, साखर आणि तेल हाताशी आलं की त्याच शरीराची कोंडी होते.

रत्नागिरी जिल्हा या कथेत नेमका बसतो. 2011 च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, कारण कर्ते पुरुष पोटापाण्यासाठी बाहेर. भात लावायचा बाईनं, लाकूडफाटा आणायचा बाईनं, शेवटी उरलेलं जेवायचंही बाईनं. चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातल्या संशोधकांनी पुण्याच्या केईएमच्या मदतीनं या भागातल्या 16 ते 18 वर्षांच्या सुमारे दीड हजार मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. उद्या आई होणाऱ्या मुलीची तब्येत आणि पुढच्या पिढीचे मधुमेह-हृदयविकार यांचा धागा त्यातून शोधायचा आहे. या वयाच्या कोकणी मुलीच्या हातात दुपारी डब्याऐवजी वेफर्सचं पाकीट असेल तर त्याचा परिणाम तिच्यापुरता राहत नाही, म्हणून हा अभ्यास मोलाचा.

देशाचं चित्रही हलकं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण 10 कोटींवर आहेत आणि 13 कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत 2.1 टक्के होतं, पाचव्या फेरीत ते 3.4 टक्के झालं. रक्तक्षय आणि खुरटलेली वाढ तशीच असताना हे घडलं आहे. कुपोषण आणि स्थूलता आता एकाच वाडीत, कधीकधी एकाच घरात नांदतात.

हे पदार्थ जास्तच का खाल्ले जातात, यावर अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये एक नेटका प्रयोग केला. 20 धडधाकट माणसांना चार आठवडे संशोधन केंद्रात ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात भरपूर प्रक्रिया झालेलं अन्न आणि दोन आठवडे साधं, ताजं रांधलेलं. दोन्ही ताटांत साखर, मीठ, स्निग्धांश, तंतुमय घटक यांचं प्रमाण सारखं राखलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलोनं वाढलं आणि साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. एक गोष्ट लक्षात आली ती वेगाची. मऊ, चावायला न लागणारं अन्न भराभर जातं आणि पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचेपर्यंत जास्तीचं खाऊन झालेलं असतं. वडापावचा पाव चार घासांत संपतो, तांदळाची भाकरी आणि कुळथाची उसळ संपायला वेळ लागतो.

जुनं ते सगळं सोनं होतं, असं मात्र कोणी समजू नये. कोकणातलं जुनं जेवण गरिबीचं होतं. भाताचा ढीग आणि कालवणाचा थेंब, पावसाळ्यात भाजीची वानवा, जूनपासून समुद्र बंद. पण त्या गरिबीतही काही गोष्टी जमलेल्या होत्या. उकड्या तांदळाच्या पेजेत ब जीवनसत्त्व टिकून राहायचं, कारण भात सालीसकट उकडला की ते दाण्याच्या आत मुरतं. कुळथात वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक प्रथिनं आणि सोबत लोह. मिरकरवाड्यावर उतरणारा बांगडा आणि तारली यांत हृदयाला हितकर असलेली ओमेगा-3 आम्लं, तीही सुरमई-पापलेटच्या मानानं स्वस्तात. घरात पैसा आल्यावर भाताचा ढीग कमी होऊन कालवण आणि भाजी वाढायला हवी होती. झालं उलटंच. पेज, कुळीथ आणि तारली मागे पडली, भात राहिला आणि त्यात मैद्याची भर पडली.

चायनीजच्या गाड्यांचा प्रश्न शेजारच्या गोव्यानं आधी ऐरणीवर आणला. कोबी मंचुरियनमधले कृत्रिम रंग आणि गाड्यांवरची अस्वच्छता यांवरून म्हापसा नगरपालिकेनं 2024 च्या सुरुवातीला मंचुरियनच्या विक्रीला मनाई केली. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटकानं मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यावर बंदी आणली. लालभडक रंग डोळ्यांना दिसतो म्हणून त्यावर बोट ठेवणं सोपं गेलं. त्याच कढईतलं तेल, मीठ आणि कॉर्नफ्लोअर त्यानंतरही तसंच राहिलं.

शाळांसाठी नियम आहेत. महाराष्ट्र सरकारनं 2017 मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करण्याचा आदेश काढला. 2020 च्या केंद्रीय नियमांनी जास्त मीठ, साखर आणि चरबी असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत बंद केली. पण कोकणातल्या गावात शाळा, देऊळ, एसटीचा थांबा आणि एकुलतं एक किराणा दुकान हे सगळं बहुधा त्या 50 मीटरच्या आतच असतं. दुकानदार मुलांच्या ओळखीचा, बहुतेकांचा काका नाहीतर मामा. त्याला नोटीस बजावण्यापेक्षा पाकिटांच्या जागी दुसरं काय विकून त्याचा गल्ला भरेल, हे पाहणं जास्त उपयोगाचं. चिलीनं 2016 पासून अशा पाकिटांवर पुढच्या बाजूला काळे अष्टकोनी शिक्के छापायला लावले, आणि पुढच्या काळात तिथे गोड पेयांची खरेदी लक्षणीय घटली. भारतात अशा इशाऱ्याची चर्चा बरीच वर्षं लांबली आहे. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही नातवाच्या हातातलं पाकीट ओळखता येईल, असा शिक्का आपल्याकडे तातडीनं हवा.

कोकणाकडे स्वतःचं फास्ट फूड आहे, तेही चुलीशिवायचं. पातळ पोह्यांवर ओलं खोबरं, नारळाचं पाणी, कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू घालून ते थोडा वेळ दडपून ठेवायचे. वरून चमचाभर तेलाची फोडणी, नाहीतर तीही नको. दडपे पोहे वडा तळून होईपर्यंत तयार होतात. मूठभर शेंगदाणे घातले की प्रथिनांचीही सोय. घावन आणि आंबोळीला तव्यावर तेलाचं बोट पुरतं, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ असली की दुपारपर्यंत भूक लागत नाही. बचत गटाच्या बायका हे पदार्थ उत्तम करतात आणि महोत्सवांत त्यांच्या स्टॉलपुढे रांगा लागतात. तोच स्टॉल सकाळी सहाला एसटी स्टँडवर हवा, पहिल्या गाडीनं आलेल्या कॉलेजच्या मुलांसमोर, वडापावच्या भावात.

ज्यांच्या रक्तात साखर वाढू लागली आहे त्यांच्यासाठी चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास फार दिलासा देणारा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांना त्यांनी गटांत विभागलं. एका गटाला रोज अर्धा तास झपझप चालायला, मैदा-साखर आणि तेल-तूप कमी करायला आणि तंतुमय पदार्थ वाढवायला सांगितलं. तीन वर्षांत या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांच्या तुलनेत 28.5 टक्क्यांनी कमी राहिलं. विशेष म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलं नव्हतं. म्हणून भारतीय डॉक्टर आता वजनकाट्याच्या जोडीला शिंप्याची टेप वापरतात. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या वर गेली की माणूस कितीही काटकुळा दिसत असला तरी रक्तातली साखर, रक्तदाब आणि यकृत तपासायला सांगतात.